आयडिटारॉडचा शेवटचा दिवस : कमानीवरचा दिवा विझतो तेव्हा

धागाकर्ता : उत्तरवारा

दरवर्षी मार्चमध्ये आयडिटारॉडचा, म्हणजे अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेजशर्यतीचा (स्लेज म्हणजे बर्फावरची घसरगाडी), निकाल लागतो आणि आपल्याकडे आलीच तर चार ओळींची बातमी येते. अमुक मशर (स्लेज हाकणारा) जिंकला, इतके दिवस, इतके तास. पण तेव्हा शर्यत संपलेली नसते. पहिलं पथक नोमला, म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या गावी, पोचल्यावरही कित्येक दिवस मागची पथकं बेरिंग समुद्राच्या काठाकाठाने येत राहतात. शर्यत संपते ती शेवटच्या माणसाने कमानीवरचा दिवा विझवला की. मराठीत ह्या दिवसाबद्दल कुठे वाचलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलास्कात मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकोरेजमध्ये समारंभ होतो, रविवारी विलोहून खरी सुरुवात. तिथून अलास्का पर्वतरांग ओलांडायची, युकॉन नदीच्या गोठलेल्या पात्रावरून जायचं, मग समुद्रकिनारा गाठून नोम. अंतर ढोबळमानाने १००० मैल. एक माणूस, एक स्लेज आणि कुत्री. १९७३ साली पहिली शर्यत झाली तेव्हा डिक विल्मार्थने साधारण २० दिवस घेतले होते. २०१७ मध्ये मिच सीव्हीने ८ दिवस ३ तासांत पूर्ण केली. आता दिव्याकडे येतो.

पूर्वी अलास्कात टपाल आणि माल कुत्र्यांच्या स्लेजवरून जायचा. वाटेत मुक्कामाच्या सराया असत. एखादा गडी निघाल्याचा निरोप आला की पुढच्या सरायीत रॉकेलचा दिवा पेटवून बाहेर टांगत. वादळात तो त्या उजेडावर यायचा, आणि तो अजून वाटेत आहे हे गावालाही कळायचं. सुखरूप आला की दिवा उतरवायचा. त्याला 'विधवेचा दिवा' म्हणत. आयडिटारॉडने ही पद्धत जपली आहे. शर्यत सुटते त्या दिवशी नोमच्या कमानीवर दिवा लावतात. जिंकणारा येतो आणि त्याच्या पुढच्या कुत्र्यांच्या गळ्यात हार पडतो तेव्हाही तो जळत असतो, आणि शेवटचं पथक आत येईपर्यंत जळतो. सगळ्यात शेवटी येणारा मशर स्वतः तो विझवतो. त्याला 'लाल कंदील' हा मानही मिळतो. सुरुवातीला ही थट्टाच होती. आता चिकाटीचं बक्षीस म्हणून सगळे तिच्याकडे आदराने बघतात.

पहिल्या शर्यतीत जॉन शुल्ट्झ शेवटचा आला, ३२ दिवसांनी. म्हणजे विल्मार्थ पोचल्यावर बारा दिवसांनी! त्या बारा दिवसांत तो काय विचार करत असेल, ह्याचं मला फार कुतूहल आहे.

आणि कमानीची गोष्ट. पहिल्या दोन वर्षांत नोममध्ये शेवटची खूण म्हणून धड काही नव्हतं, बर्फावर सरबताच्या रंगीत पुडीने रेघ ओढायचे. १९७४ साली रेड 'फॉक्स' ओल्सन २९ दिवसांनी सगळ्यांच्या मागून पोचला. एवढं अंतर तोडून आलेल्या माणसाला समोर काहीतरी दिसायला हवं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने गाठाळ लाकडाची प्रचंड कमान केली आणि १९७५ पासून शर्यत कमानीखाली संपू लागली. आज जगभर ज्या कमानीचे फोटो फिरतात तिची कल्पना शेवटच्या नंबरावर आलेल्या माणसाची आहे. (ती मूळ कमान आता नाही. लाकूड कुजतं, दुरुस्त्या झाल्या, नवी उभारली.)

मी अँकोरेजला राहतो. कामानिमित्त एकदा मार्चमध्ये नोमला होतो आणि नेमका तो दिवस मिळाला. तोवर बाहेरून आलेले पत्रकार, कॅमेरे, पाहुणे सगळे परतले होते. दुपारी गावाचा भोंगा वाजला. प्रत्येक पथक जवळ आलं की तो वाजतो, पहिला असो की शेवटचा. आमच्या समोरच्या दुकानातली बाई गल्ला बंद करून, अंगावर पार्का (टोपीचा जाड कोट) चढवून बाहेर निघाली. पोस्टातून दोघं आले. शाळा सुटली असावी, कारण पोरं पळत होती. फ्रंट स्ट्रीट एरवी साफ केलेला असतो, ह्या शर्यतीसाठी ट्रकने बर्फ आणून त्यावर पसरतात. गोठलेल्या समुद्राच्या बाजूने पोलिसांच्या गाडीचे दिवे दिसले आणि तिच्यामागे कुत्री. दौडत नव्हती, दुडक्या चालीने येत होती. शेपट्या सैल, पायांतले मोजे झिजून बोटांशी फाटलेले.

कमानीखाली थांबल्याबरोबर त्यांतली तीन-चार तिथेच आडवी झाली. म्होरकी, म्हणजे सगळ्यांत पुढची कुत्री, मात्र उभी राहून, कुठे जायचंय आता, अशा नजरेने पुढे बघत होती. मशरने कुणाशी बोलण्याआधी पिशवीतून गोठलेल्या मांसाचे तुकडे काढले आणि एकेकाजवळ गुडघ्यावर बसून भरवले. तोवर एक अधिकारी स्लेजमधलं सामान तपासत होता : कुऱ्हाड, झोपण्याची पिशवी, बर्फात चालायचे रुंद जोडे, चूल, कुत्र्यांचे जादा मोजे, पशुवैद्यांच्या नोंदींची वही. शेवटच्या माणसालाही त्यातून सूट नाही. मग तो दिव्याकडे गेला. हातमोजा दातांनी ओढून काढला, बोटं इतकी ताठलेली की दिवा विझवायला दोनदा प्रयत्न करावा लागला. शंभरेक माणसं असतील. ओरडली मात्र हजारभर असल्यासारखी.

मला ठामपणे वाटतं की ही शर्यत का जपावी ह्याचं उत्तर ह्या दिवसात आहे. कुणी वाटेत आहे तोवर गाव दिवा विझवत नाही. जाणकारांनी भर घालावी, मतभेद असतील तर तेही लिहावेत.

प्रतिसाद : रानवाटा

फार सुंदर. त्या कमान करणाऱ्या ओल्सनबद्दल वाचून काटा आला.

काही प्रश्न. १०४९ मैल असा आकडा नेहमी वाचते, तो कुठून आला? माणसं आणि कुत्री झोपतात कधी? आणि शेवटच्याला पैसे मिळतात का काही?

प्रतिसाद : उत्तरवारा

रानवाटाताई, १००० मैल आणि अलास्का हे अमेरिकेचं ४९वं राज्य, म्हणून वर ४९. प्रत्यक्ष अंतर बदलतं. सम वर्षी उत्तरेची वाट, विषम वर्षी दक्षिणेची, आणि बर्फ कमी पडला तर सुरुवातच फेअरबँक्सला न्यावी लागते. २०२५ मध्ये तसंच झालं, वाट ११०० मैलांच्या वर गेली.

पैसे मिळतात. वरच्या वीस जणांत बक्षिसाची रक्कम वाटली जाते, बाकी जे जे पोचतील त्यांना प्रत्येकी १०४९ डॉलर. वर्षभराच्या कुत्र्यांच्या खाद्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. शिवाय पहिल्यांदा शर्यत पुरी करणाऱ्याला पट्ट्याचं बक्कल मिळतं. ते बक्कल लोक आयुष्यभर कमरेला लावून फिरतात.

विश्रांतीचं म्हणाल तर तीन मुक्काम सक्तीचे. एक पूर्ण २४ तासांचा, एक ८ तासांचा युकॉनवर आणि शेवटचा ८ तासांचा व्हाइट माउंटन गावात. बाकी ज्याचं त्याने ठरवायचं. साधारण जितका वेळ पळाले तितका आराम, असा हिशोब जुने मशर ठेवायचे. त्या आरामात कुत्री झोपतात. माणूस पेंढा पसरतो, बर्फ वितळवून पाणी करतो, शिजवतो, पाय तपासतो, आणि मग उरला तर तासभर डुलकी काढतो.

प्रतिसाद : दर्यावर्दी

व्हाइट माउंटनचं नाव निघालंच आहे तर २०१४ बद्दल लिहितो. मी तेव्हा रात्रभर ट्रॅकर (पथकं कुठे आहेत ते दाखवणारा नकाशा) उघडून बसलो होतो.

व्हाइट माउंटन ते नोम ७७ मैल. आधी टॉपकॉकच्या टेकड्या, मग उघडा किनारा. तिथे एका पट्ट्यात डोंगरांमधून वारा असा सुटतो की स्लेज उचलून फेकतो. त्यानंतर सेफ्टी नावाचं ठाणं आणि तिथून नोम २२ मैल. जेफ किंग सगळ्यांत पुढे होता. चार वेळा जिंकलेला माणूस, पाचवं विजेतेपद समोर दिसत होतं. सेफ्टीच्या काही मैल अलीकडे वाऱ्याने त्याचं पथक वाटेवरून ढकललं. अडकला, शेवटी मदत घेतली आणि शर्यत सोडली. त्याच्यामागे अलायी झर्कल. ती सेफ्टीला पोचली आणि बाहेरचं वादळ बघून थांबली, अडीच तासांहून जास्त. पुढे किंग नाही हे तिला कळलं होतं, पण तशा वाऱ्यात कुत्री घालायची तिची तयारी नव्हती.

इतक्यात डॅलस सीव्ही आला. तीन मिनिटांत सेफ्टीतून बाहेर. आपण तिसरे आहोत आणि मागून येणारा दिवा बापाचा, म्हणजे मिचचा आहे, असं त्याला वाटत होतं. बापापुढे राहायचं म्हणून तो जीव तोडून पळाला. कमानीखाली येऊन स्लेजवर बसला तेव्हा लोकांनी सांगितलं की तूच जिंकलास. झर्कल २ मिनिटं २२ सेकंदांनी आली. हजार मैलांनंतर दोन मिनिटं!

झर्कलवर तेव्हा बरीच टीका झाली, थांबायला नको होतं वगैरे. मला ती टीका कधीच पटली नाही. पुढे काय आहे ते दिसत नसताना, सोबत दमलेले जीव असताना थांबणं, हा मशरने घेतलेला योग्य निर्णय होता.

प्रतिसाद : पिंपळपान

लेख उत्तम लिहिलाय, त्याबद्दल वाद नाही. पण इथे सगळे भारावून गेलेत म्हणून स्पष्ट लिहितो. ह्या शर्यतीत कुत्री मरतात. २०२४ मध्ये तीन मेली. २०२५ मध्येही एक मेली, आणि ती गाभण होती असं नंतर कळलं. बडे प्रायोजक एकेक करून बाहेर पडले ते उगीच नाही. माणसाला हौस आहे, त्याने पायी जावं. काही लोक त्याच वाटेवर पायी आणि सायकलने जातातही. दिवा, कंदील, कमान हे सगळं माणसांनी माणसांसाठी रचलेलं आहे. ज्यांच्या पायांवर हे उभं आहे त्यांना कुणी विचारलं?

प्रतिसाद : जू_आणि_नाल

मी पशुवैद्य आहे, कामाचा मोठा भाग पळणाऱ्या जनावरांशी संबंधित. पिंपळपान ह्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जे खरोखर थक्क करणारं आहे ते. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे मायकेल डेव्हिस ह्यांनी ह्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पहिल्या दिवशी त्यांचं शरीर इतर कुठल्याही प्राण्यासारखंच वागतं, स्नायूंमधली साठवलेली साखर संपत जाते. पण पळणं चालू असतानाच काही दिवसांत शरीर कूस बदलतं. इंधन म्हणून चरबीवर भर येतो आणि स्नायूंतला साठा पळता पळता परत भरू लागतो. माणसाच्या बाबतीत असं होत नाही. म्हणून एका कुत्र्याला दिवसाला १०,००० कॅलरींच्या घरात खाद्य लागतं, तेही मुख्यतः चरबी आणि मांस.

आता दुसरी बाजू. त्याच संशोधकांनी शर्यत संपवलेल्या कुत्र्यांच्या जठरात दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्या कुत्र्यांच्या जठराच्या अस्तरावर जखमा दिसल्या. बाहेरून कुत्रं खेळकर, खातंय, शेपूट हलवतंय, आणि आत हे. त्यानंतर आम्ल कमी करणारी औषधं देण्याची पद्धत पडली. उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर न्यूमोनिया, हेही मृत्यूचं एक ठळक कारण.

तपासणी कशी होते हेही सांगतो, कारण त्याबद्दल इथे गैरसमज असू शकतात. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्त तपासतात. वाटेतल्या ठाण्यांवर स्वयंसेवक पशुवैद्य असतात. ते हृदय आणि शरीरातलं पाणी, भूक, वृत्ती, वजन आणि फुप्फुसं बघतात. पाणी कमी आहे का हे मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली की कळतं : लगेच सपाट झाली तर ठीक, उभी राहिली तर काळजी. मनगट सुजलंय, खांदा दुखतोय, नुसतं मन लागत नाही, असं काही असलं तर मशर त्या कुत्र्याला ठाण्यावर सोडतो आणि ते विमानाने परत जातं. शर्यत किमान पाच कुत्र्यांनिशी पुरी करावी लागते. त्यामुळे शेवटच्या पथकात कुत्री कमी दिसली की लोकांना वाटतं बाकीची मेली. तसं नसतं.

माझं मत विचाराल तर, सक्तीची विश्रांती वाढवायला हवी. आठ दिवसांच्या विक्रमाचं मला कौतुक नाही. मागून बारा-तेरा दिवसांत येणारी पथकं नीट बघितली तर कुत्री जास्त झोपलेली, जास्त खाल्लेली असतात.

प्रतिसाद : मावळतीचा_मळा

पशुवैद्यसाहेब, +१. वाचनखूण साठवली.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतीवर २०१४ मध्ये बंदी आली, मग २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हाही हेच दोन्ही बाजूंचे मुद्दे होते. आमच्या घरात त्यावरून अजून जेवणाच्या पानावर वाद होतात.

प्रतिसाद : उत्तरवारा

मळेवाले, बैलगाड्यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो तिथे. इथे नोमपुरतंच ठेवू.

पिंपळपान, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. तीन कुत्री मेली ती मेली, आणि ज्या शर्यतीत दिवा माणसासाठी जळतो तिने कुत्र्यासाठीही तितकंच जागं राहायला हवं, हे मला मान्य आहे. पशुवैद्यांनी म्हटलं तशी विश्रांती वाढवावी, ह्या मताचा मीही आहे. पण बंद करा म्हणवत नाही. ही शर्यत सुरू करणाऱ्या जो रेडिंग्टनने १९६०च्या दशकात पाहिलं की बर्फावर चालणाऱ्या मोटारी आल्या आणि गावागावांतून कुत्र्यांची पथकं नाहीशी होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली कुत्री आणि त्यांना सांभाळण्याचं ज्ञान दोन्ही जाणार, हे त्याला दिसलं. शर्यतीमुळे ते टिकलं. २०१९ मध्ये पीट कायझर हा अलास्कातल्या युपिक ह्या मूळ रहिवासी समाजातला मशर जिंकला तेव्हा त्याच्या बेथेल गावाहून लोक विमानांनी नोमला आले होते आणि कमानीखाली पारंपरिक नाच झाला. तेही ह्याच पारड्यात टाकावं लागेल.

प्रतिसाद : सांजवेळ

ही शर्यत १९२५ च्या औषधाच्या दौडीच्या आठवणीत होते ना? बाल्टो कुत्र्याची गोष्ट आमच्या मुलांना तोंडपाठ आहे.

प्रतिसाद : दर्यावर्दी

सांजवेळ, आठवण आहे, पण उगम तिथे नाही. तो वर उत्तरवारांनी सांगितला तोच.

दौड ही होती : जानेवारी १९२५, नोममध्ये घटसर्प पसरला. डॉक्टर कर्टिस वेल्च ह्यांच्याकडचं प्रतिविष जुनं झालेलं. बंदर गोठलेलं, त्या काळातल्या विमानांचा हिवाळ्यात भरवसा नाही. अँकोरेजहून प्रतिविष रेल्वेने नेनानापर्यंत आलं आणि तिथून ६७४ मैल २० जणांनी आळीपाळीने स्लेजवरून नेलं, साडेपाच दिवसांत. एरवी टपालाला तीनेक आठवडे लागत. बाल्टो होता शेवटच्या टप्प्यात, गुनार कासेनच्या पथकात. गंमत म्हणजे सेफ्टीला त्याने प्रतिविष पुढच्या माणसाला द्यायचं होतं. तो माणूस झोपलेला होता, कारण वादळात दौड थांबवली असेल अशी त्याची समजूत. कासेनने त्याला उठवलं नाही, तसाच पुढे गेला आणि २ फेब्रुवारीला पहाटे नोमला पोचला. सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा मात्र लेनर्ड सेपालाचा, म्होरक्या टोगो. त्याने नॉर्टन साउंड ह्या गोठलेल्या खाडीचं फुटणारं बर्फ ओलांडलं. पुतळा न्यूयॉर्कमध्ये बाल्टोचा झाला. मुलांना टोगोचीही गोष्ट सांगा.

प्रतिसाद : रानवाटा

दोन पथकं एकदम आली तर निकाल कसा लावतात?

प्रतिसाद : उत्तरवारा

म्होरक्याच्या नाकावरून. १९७८ मध्ये डिक मॅकी आणि रिक स्वेन्सन फ्रंट स्ट्रीटवरून बरोबरीने आले. मॅकीच्या म्होरक्याचं नाक आधी रेघेपलीकडे गेलं, पण स्वतः मॅकी दमून कोसळला आणि त्याची स्लेज मागेच राहिली. स्वेन्सन मात्र स्लेजसकट पार झाला. पंचांनी नाक धरलं. फरक एक सेकंद. मॅकीची मुलं रिक आणि लान्स, दोघंही पुढे जिंकली. तिघांचाही पहिला विजय सहाव्या खेपेला आणि तिघांच्याही छातीवर क्रमांक १३.

प्रतिसाद : नलूताई_डुलुथ

आमच्या मिनेसोटात जानेवारीअखेर बेअरग्रीझ शर्यत होते, साधारण ३०० मैलांची. लेक सुपीरियरच्या काठाने टपाल नेणाऱ्या जॉन बेअरग्रीझच्या नावाने. मी तिथे रस्ता ओलांडण्याच्या जागी स्वयंसेवक असते. पथक आलं की गाड्या थांबवायच्या, एवढंच काम. मध्यरात्री उणे पंचवीसमध्ये शेवटच्या पथकाची वाट बघत उभं राहिलं की उत्तरवारा काय म्हणतायत ते अंगात शिरतं. आमच्यातलं कुणीही शेवटचं पथक जाईपर्यंत गाडीत जाऊन बसत नाही.

एक विचारायचं होतं. बेअरग्रीझला लोक ट्रकमध्ये कुत्री घालून घरी जातात. नोमहून काय करतात? तिथे रस्ता जातो का?

प्रतिसाद : उत्तरवारा

नलूताई, रस्ता नाही. नोमभोवतीच्या वस्त्यांकडे काही कच्चे रस्ते आहेत, पण अँकोरेजशी जोडणारा एकही नाही. कुत्री, माणूस, स्लेज सगळं विमानाने. शेवटच्या मशरला घाई होते ती ह्यामुळेच. गावात जेवणाचा समारंभ असतो, बक्कलं आणि बक्षिसं तिथेच देतात. सगळ्यात चांगल्या म्होरक्याला सोनेरी हार्नेस (ओढताना अंगावर बांधायचा पट्ट्यांचा साज) आणि कुत्र्यांची उत्तम काळजी घेणाऱ्या मशरला सेपालाच्या नावाचा पुरस्कार. मी गेलो त्या वर्षी कंदीलवाला जेवणाला जेमतेम पोचला आणि लगेच कुत्री विमानात चढवायला निघाला. मालवाहू विमानात प्रत्येक कुत्र्याला वेगळा पिंजरा, खाली पेंढा. विमानतळावर काम करणाऱ्या माणसाने सांगितलं की विमान सुरू झालं की पहिली पाच मिनिटं भुंकतात, मग अँकोरेजपर्यंत सगळी झोपलेली असतात.

पिंपळपान, तुम्ही वाटेवरून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांचा उल्लेख केलात. त्यांच्याबद्दल इथे लिहाल का? त्यातले काही नोमपर्यंत जातात, आणि मला त्यांची फारशी माहिती नाही.